पोळ्याच्या वाजंत्रीत एक बैल शांत, दुसरा बुजतो : मेंदूतले ग्राही आवाज कसे निवडतात?

प्रश्न : विज्ञान शिक्षक, चोपडा तालुका

सर्वांना नमस्कार. आमच्या दावणीला एकाच वयाचे, एकाच गोठ्यात वाढलेले दोन बैल आहेत. गेल्या पोळ्याला शिंगे रंगवून, झुली घालून दोघांनाही मारुतीच्या पारापर्यंत नेले. ढोल, बँड आणि फटाके यांच्या गदारोळात पांढरा बैल जागचा हलला नाही. तांबड्याने मात्र पहिल्या फटाक्यालाच दावे तोडले, भिंतीला खांदा घासून घेतला आणि तो थेट शिवाराच्या कडेपर्यंत उधळला. जखम धुण्यासाठी आलेल्या डॉक्टरांनी त्याला एक इंजेक्शन दिले आणि थोड्याच वेळात त्याची मान खाली आली, कान लोंबले. ढोल तेव्हाही वाजतच होते.

वडिलांचे म्हणणे असे की बैल खोडीचा आहे आणि चार फटके बसले की सुधारेल. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे त्यांना समजेल अशा शब्दांत मला सांगताही येत नाही. दोघांच्या कानांत सारखाच आवाज शिरला असेल, तर एकाच्या मेंदूने तो बाजूला सारला आणि दुसऱ्याच्या मेंदूने सारला नाही, हे नेमके कोठे ठरते? आमच्या पाठ्यपुस्तकांत ‘ग्राही’ हा शब्द कान, डोळा, त्वचा यांतील पेशींसाठी येतो, आणि औषधांविषयी वाचताना मात्र ‘मेंदूतील ग्राही’ असा उल्लेख सारखा आढळतो. हे दोन्ही एकच आहेत का? जाणकारांनी थोडे सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १ : प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका, जळगाव

सर, प्रथम शब्दाची गाठ सोडवू, कारण निम्मा गोंधळ तेथेच आहे. कानातील किंवा त्वचेतील ग्राही म्हणजे बाहेरची संवेदना टिपणारी पेशी किंवा चेतातंतूचे टोक. मेंदूतील ग्राही ही संपूर्ण पेशी नसून पेशीपटलात बसलेला प्रथिनाचा एक रेणू असतो. शेजारच्या चेतापेशीने सोडलेले रसायन या रेणूला चिकटले की त्याचा आकार बदलतो. काही ग्राही अशा वेळी स्वतःच आयनांची (विद्युतभारित कणांची) वाट उघडतात, तर काही पेशीच्या आत निरोप पोहोचवतात आणि पेशीचे वागणे सावकाश बदलतात. एकाच रसायनाचे ग्राही अनेक प्रकारचे असू शकतात आणि त्यांचे परिणाम परस्परविरुद्धही असू शकतात. डोपामिन या मेंदूतील निरोप्या रसायनाचा डी-१ ग्राही पेशीतील एका निरोप्या रेणूचे प्रमाण वाढवतो आणि डी-२ ग्राही तेच प्रमाण घटवतो. म्हणून ‘डोपामिन वाढले की अमुक होते’ असे सरसकट विधान शास्त्रीय दृष्ट्या अपुरे ठरते. ते कोणत्या ग्राहीवर, मेंदूच्या कोणत्या भागात पडले, हे विचारावेच लागते.

आता दचकण्याकडे येऊ. मोठा आवाज ऐकून अंग आखडणे ही प्रतिक्षिप्त क्रिया असून तिचा मार्ग फार आखूड आहे: कानापासून निघालेला संदेश मस्तिष्कस्तंभातील (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या खालच्या भागातील) मोठ्या चेतापेशींच्या एका गटात जातो आणि तेथून मज्जारज्जूमार्गे स्नायूंकडे उतरतो. उंदराच्या (प्रयोगशाळेत वापरतात त्या ‘रॅट’ या मोठ्या जातीच्या) मागच्या पायाच्या स्नायूत हा प्रतिसाद सुमारे ८ मिलिसेकंदांत पोहोचतो. इतक्या अल्पावधीत विचाराला जागाच नसते. तुमच्या तांबड्याचा पहिला धक्का हा त्याच्या स्वभावाचा निर्णय नव्हता, एवढे तरी वडिलांना निश्चिंतपणे सांगता येईल.

परंतु या आखूड मार्गावरही लगाम आहे. १२० डेसिबलच्या आवाजाआधी साधारण १०० मिलिसेकंद एक हलका आवाज ऐकवला, तर प्राणी पुष्कळ कमी दचकतो. या घटनेला ‘प्रीपल्स इन्हिबिशन’ म्हणतात, आणि मेंदूतील संवेदनांच्या निवडीचे मोजमाप म्हणून ती जगभर वापरली जाते. उंदीर, माणूस आणि झेब्राफिशची पिल्ले या सर्वांत ती आढळते. हलका आवाज मस्तिष्कस्तंभातील दुसऱ्या एका वाटेने जातो आणि तेथील ॲसिटिलकोलिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी दचकण्याच्या केंद्राला क्षणभर दाबून धरतात, असे या घटनेचे जुने स्पष्टीकरण आहे.

हा लगाम किती घट्ट असावा, ते मात्र वरच्या मेंदूतून ठरते आणि तुमच्या प्रश्नाचा गाभा येथे आहे. डोपामिनसारखे काम करणारे अपोमॉर्फिन उंदराला दिले की प्रीपल्स इन्हिबिशन ढासळते, आणि डी-२ ग्राही अडवणारे हॅलोपेरिडॉल दिले की ते सावरते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात डी-२ ग्राही नसलेल्या लहान उंदरांना (‘माऊस’) ॲम्फेटामिन हे डोपामिन अधिक सोडायला लावणारे औषध देऊनही हा लगाम सुटला नाही. डी-३ किंवा डी-४ नसलेल्यांत मात्र तो सुटला. ग्लुटामेट या दुसऱ्या निरोप्या रसायनाचा एनएमडीए ग्राही अडवणारी केटामिनसारखी औषधेही लगाम ढिला करतात, आणि तो ढिलेपणा हॅलोपेरिडॉलने सहसा भरून येत नाही. याचा अर्थ असा की एकच दोष वेगवेगळ्या वाटांनी उत्पन्न होऊ शकतो आणि बाहेरून पाहून वाट कोणती, हे ओळखता येत नाही.

आणखी एक ग्राही मला मुद्दाम सांगावासा वाटतो. अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन सारखेच ‘टक’ ऐकवले, तर निरोगी मेंदूत दुसऱ्या आवाजाची विद्युत लहर पहिल्यापेक्षा बरीच लहान उमटते. डीबीए/२ नावाच्या उंदरांच्या वाणात ती लहान होत नाही, आणि त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागात) ॲसिटिलकोलिनचे अल्फा-७ ग्राही कमी असतात. निकोटिन दिल्यास त्यांची निवड काही काळ सुधारते. हे ग्राही अवरोधक पेशींना जागे करतात, त्या पेशी गाबा हे रसायन सोडतात, आणि दुसऱ्या आवाजाची वाट काही काळ बंद राहते. मण्यारीच्या कुळातील तैवानकडील एका सापाच्या विषातला एक घटक नेमका अल्फा-७ ग्राहीला घट्ट धरून ठेवतो. तो उंदराच्या मेंदूत सोडला असता हीच निवड बिघडते. हाच घटक स्नायूंवरील ॲसिटिलकोलिनच्या ग्राहींनाही धरतो. आपल्याकडे मण्यार चावलेल्या माणसाच्या पापण्या का मिटू लागतात, हे पाहिलेल्यांना चेता आणि स्नायू यांच्या जोडणीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

संवेदनांच्या निवडीला आपण चाळणी म्हणतो. मला त्यापेक्षा खळ्यावरची उफणणी अधिक चपखल वाटते. चाळणीची भोके ठरलेली असतात, उफणताना मात्र वारा किती आहे त्यावर काय उडेल आणि काय पायाशी पडेल ते ठरते.

उत्तर २ : पशुवैद्य, धुळे

सरांनी इंजेक्शनचे नाव दिलेले नाही, पण वर्णनावरून ते झायलाझिन असावे. हे औषध १९६२ मध्ये जर्मनीत तयार झाले आणि आजही आमच्या पेटीत असते. ते कानावर काहीही करीत नाही. मस्तिष्कस्तंभात ‘लोकस सेरुलियस’ नावाचा चेतापेशींचा एक छोटा पुंजका आहे. उंदरात मेंदूच्या एका बाजूला त्याच्या जेमतेम १५०० पेशी असतात, तरी त्यांचे तंतू जवळजवळ साऱ्या मेंदूत पसरलेले असतात आणि नॉरॲड्रेनालिन सोडून मेंदूला सावध ठेवतात. या पेशींवर अल्फा-२ नावाचे ग्राही असतात व ते त्या पेशींना स्वतःचेच काम आवरायला लावतात. झायलाझिन या ग्राहींना चेतवते, पेशी गप्प होतात आणि आवाज मेंदूपर्यंत पोहोचूनही त्याचे वजन उरत नाही.

यात दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. पहिली अशी की असा गुंगीतला प्राणी बहिरा नसतो. अचानक स्पर्श झाला किंवा जवळच मोठा आवाज झाला तर तो एकदम भानावर येऊन लाथ मारू शकतो, आणि घोड्यांच्या बाबतीत तर हे आम्हाला पहिल्या दिवसापासून बजावलेले असते. दुसरी गोष्ट सारंगखेड्याच्या घोडेबाजारात येणाऱ्या मंडळींनी नीट लक्षात ठेवावी: गाय-बैलांना हे औषध घोड्याच्या सुमारे एक दशांश प्रमाणातच पुरते. घोड्याचे प्रमाण बैलाला दिल्यास तो आडवा पडतो, पोट फुगते, श्वास मंदावतो. गाभण जनावरात गर्भाशय आकुंचन पावण्याचा धोका असतो. ग्राही तेच, औषध तेच, तरी प्रजाती बदलली की हिशेब बदलतो. म्हणून मिरवणुकीसाठी बैल शांत करावा म्हणून कोणीही हे इंजेक्शन परस्पर मिळवू नये.

कानांविषयीही एक गोष्ट सांगतो. गाय-बैलांना सुमारे २३ हर्ट्‌झपासून ३५ किलोहर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, आणि ८ किलोहर्ट्‌झच्या आसपास त्यांचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो. माणसाची वरची मर्यादा २० किलोहर्ट्‌झ मानतात. तेव्हा झांजेचा किंवा साखळीचा जो किणकिणाट आपण सहज सोडून देतो, तो बैलाच्या मेंदूला निवडावा लागणारा मोठा ऐवज असतो. आपल्याला जे शांत वाटते ते त्याला शांत असेलच असे नाही.

प्रश्नकर्ता :

दोघांचेही मनापासून आभार. बाईंचे उत्तर वडिलांना वाचून दाखवले. ८ मिलिसेकंदांचा मुद्दा ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला एक कल्पना सुचते. हलक्या आवाजाने मोठ्या आवाजाचा धक्का कमी होत असेल, तर तांबड्याच्या गळ्यात घुंगरमाळ बांधावी काय? म्हणजे फटाक्याआधी हलका आवाज सतत त्याच्या कानांवर पडत राहील.

उत्तर ३ : पशुविज्ञानाची विद्यार्थिनी, साक्री

घुंगरांविषयी जाणकार सांगतीलच. मी वेगळ्या इंद्रियाचे उदाहरण देते, कारण येथे चर्चा फक्त आवाजाची चालली आहे आणि वास हा प्राण्यांच्या जगात आवाजाइतकाच मोठा विषय आहे.

माझे आजोबा ठेलारी समाजातले, मेंढ्या घेऊन पावसाळ्यापर्यंत फिरणारे. व्यायला न झालेली मेंढी दुसऱ्या मेंढीच्या नवजात कोकराकडे फिरकत नाही आणि गर्भजलाच्या वासाने तोंड फिरवते. तीच मेंढी व्याली की त्याच वासाकडे ओढली जाते, कोकराला चाटते आणि पहिल्या एक-दोन तासांतच त्याचा वास असा ओळखून घेते की नंतर परके कोकरू कासेला आले तर त्याला ढुशी देऊन हाकलते. लहानपणी मला हे केवळ मायेचे वाटे. शिकायला लागल्यावर कळले की त्या थोड्या वेळात मेंढीच्या मेंदूतील वासाची निवडच नव्याने मांडली जाते.

कीथ केंड्रिक, फ्रेडेरिक लेव्ही आणि बॅरी केव्हर्न यांनी १९९२ मध्ये मेंढ्यांच्या गंधकंदातील (मेंदूच्या वास ओळखणाऱ्या भागातील) पेशींचे विद्युत संदेश नोंदवून हे दाखवले. व्यायच्या आधी त्या पेशी मुख्यतः चाऱ्याच्या वासाला प्रतिसाद देत होत्या. व्याल्यानंतर त्यांतल्या बहुसंख्य पेशी कोकरांच्या वासाला प्रतिसाद देऊ लागल्या आणि काही तर केवळ स्वतःच्याच कोकराच्या वासाला. प्रसूतीच्या वेळी गर्भमार्ग ताणला जातो, त्यामुळे मेंदूत ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटते आणि गंधकंदात नॉरॲड्रेनालिनही वाढते. गंधकंदातील नॉरॲड्रेनालिनचे बीटा ग्राही औषधाने अडवले, तर मेंढीला आपले-परके कोकरू ओळखणे अवघड होते.

धुळ्याच्या डॉक्टरांनी नॉरॲड्रेनालिनच्या अल्फा-२ ग्राहीने मेंदू सुस्त होतो, असे लिहिले. येथे त्याच रसायनाचा बीटा ग्राही एका वासाला सगळ्या वासांतून वर काढतो. कोकरू मेलेल्या मेंढीला पोरके कोकरू लावताना मेंढपाळ त्याच्या अंगाला तिचे गर्भजल चोळतात किंवा मेलेल्या कोकराचे कातडे गुंडाळतात. ही युक्ती जगभरच्या मेंढपाळांना ठाऊक आहे, आणि ती चालते ती याच थोड्या काळात.

उत्तर ४ : शरीरक्रियाशास्त्राचा निवृत्त अध्यापक, नंदुरबार

वरील उत्तरे उत्तम आहेत, तरी माझे थोडे मतभेद आहेत.

घुंगरमाळेपासून सुरुवात करतो. सर, प्रीपल्स इन्हिबिशनचा परिणाम सेकंदाच्या काही अंशांपुरताच टिकतो आणि त्यासाठी हलका आवाज भोवतालच्या आवाजापेक्षा वेगळा उठून दिसावा लागतो. सतत वाजणारी घुंगरे म्हणजे पूर्वसूचना नव्हे, ती केवळ पार्श्वभूमीची भर आहे. आणि पार्श्वभूमी ही निरुपद्रवी बाब नाही. मायकेल डेव्हिस यांनी १९७४ मध्ये उंदरांना एकच दचकवणारा आवाज पुन्हा पुन्हा ऐकवला. भोवती ६० डेसिबलचा आवाज असताना उंदीर हळूहळू कमी दचकू लागले; भोवती ८० डेसिबलचा आवाज असताना मात्र उंदीर त्याच आवाजाला उत्तरोत्तर अधिक दचकू लागले. मिरवणुकीतील बैल दुसऱ्या प्रकारच्या परिस्थितीत उभा असतो, असे मला वाटते. ‘गर्दीत नेत राहा म्हणजे सवय होईल’ हा सल्ला म्हणूनच उलटू शकतो.

दुसरा मुद्दा असा की सगळी निवड ग्राहींवर होत नाही. एरिक कँडेल यांना २००० साली ज्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्यात ॲप्लिशिया या समुद्री गोगलगायीला हलका स्पर्श पुन्हा पुन्हा केला असता ती कल्ला आत ओढणे कमी करते, याचा अभ्यास होता. तेथे घट होते ती मुख्यतः संवेदी पेशीने सोडलेल्या रसायनाच्या प्रमाणात. समोरच्या पेशीवरील ग्राही जवळजवळ तसेच असतात. निरोप घेणारा बदललेला नसतो, निरोप पाठवणाराच आवरता हात घेतो. रातकिड्याचे उदाहरण आणखी निराळे आहे. तो स्वतः इतक्या कर्कशपणे गात असताना त्याचे कान बधिर का होत नाहीत? कारण गाण्याची आज्ञा पंखांकडे जाते त्याच वेळी तिची एक प्रत एका विशिष्ट चेतापेशीमार्फत श्रवणाच्या पेशींकडे जाते आणि प्रत्येक सुराच्या क्षणापुरते त्यांना दाबून धरते. बर्थोल्ड हेडविग आणि जेम्स पुले यांनी २००६ मध्ये ही एकटी पेशी शोधून दाखवली. दाबण्याचे काम अखेर ग्राहींमार्फतच होते, हे खरे. पण केव्हा दाबायचे हे त्या पेशीच्या जोडणीने ठरते. बाईंच्या उफणणीत वारा म्हणजे ग्राही धरले, तर सूप कोणी आणि कोणत्या बाजूला धरले आहे, तेही पाहायला हवे.

तिसरी गोष्ट प्रजातींची. अपोमॉर्फिनने बिघडणारी निवड मोठ्या उंदरात मुख्यतः डी-२ ग्राहीवर अवलंबून असते, तर लहान उंदरात अशा, ग्राहींवर थेट काम करणाऱ्या औषधांच्या बाबतीत डी-१ चा वाटा मोठा आढळतो. एवढ्या जवळच्या दोन प्राण्यांत हा फरक असेल, तर उंदरावरून बैलाच्या डोपामिनविषयी ठाम बोलणे योग्य होणार नाही. तांबड्याचे डी-२ ग्राही कमी की जास्त, असा प्रश्न सध्या बाजूला ठेवावा.

जे आधाराने सांगता येते ते भीतीविषयी. दचकणे आणि भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण भीती दचकण्याला चढवते, हे १९५१ पासून ज्ञात आहे: विजेच्या धक्क्याशी जोडलेला दिवा लागलेला असताना उंदीर त्याच आवाजाला अधिक जोराने उडतो. ही चढती भाजणी मेंदूतील अमिग्डाला या भीतीशी निगडित भागातून येते. पुढे, दिवा वारंवार लावूनही धक्का बसला नाही, तर ही भीती ओसरते; परंतु त्या काळात अमिग्डालातील एनएमडीए ग्राही अडवले, तर ती ओसरत नाही. म्हणजे भीती जाणे हे विसरणे नसून नवे शिकणे आहे, आणि त्या शिकण्याला हे ग्राही लागतात. वडिलांना समजेल अशा शब्दांत सांगायचे तर असे सांगा: फटाक्यानंतर चाबूक बसला, तर बैलाच्या मेंदूत फटाका आणि वेदना यांची जोडी पक्की होते आणि पुढच्या पोळ्याला तो अधिकच उधळतो. आवाज झाला आणि पाठोपाठ काहीही वाईट घडले नाही, असे पुष्कळदा घडले पाहिजे, आणि तो आवाज सुरुवातीला इतक्या दुरून यावा की बैल कान टवकारेल पण पाय उचलणार नाही.

उत्तर २ : पशुवैद्य, धुळे

नंदुरबारच्या सरांशी मी सहमत आहे. एवढीच भर घालतो की सराव सुरू करण्यापूर्वी तांबड्याचे कान आणि डोळे एकदा तपासून घ्यावेत. कानात गोचीड किंवा पू असेल, अथवा एका डोळ्याने कमी दिसत असेल, तर बैल त्या बाजूने येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला बुजतो. अशा वेळी दोष मेंदूच्या निवडीत नसतो, आत येणारी माहितीच अर्धवट असते. खांद्याची जखमही पूर्ण भरू द्यावी, कारण दुखरे जनावर शिकत नाही.

प्रश्नकर्ता :

डॉक्टरसाहेब, आज सकाळीच तपासणी करून घेतली. डाव्या कानात आत तीन गोचिडी निघाल्या. डोळे ठीक आहेत. फटाका त्याच बाजूने फुटला होता की नाही, हे मला आठवत नाही, पण वडील म्हणतात की तो कधीपासून डाव्या बाजूने हात लावू देत नव्हता.

खांदा भरला की सराव सुरू करणार आहे. गावातला एक मुलगा हलगी वाजवतो. तो नाल्याच्या पलीकडून वाजवील आणि मी दोन्ही बैलांना अलीकडे चाऱ्यावर बांधीन. किती पावलांवर तांबडा चारा सोडून मान वर करतो, ते रोज वहीत लिहून ठेवीन. पांढऱ्याचीही नोंद ठेवतो, म्हणजे दोघांतला फरक आकड्यांत दिसेल. मोजणीची पावले वडील टाकणार आहेत, असे त्यांनी स्वतःच सांगितले.